काळ्या शाईतले रंग

लहान मुलाला रंग शिकवायचे म्हटले, की आपण रंगीत चित्रांचं पुस्तक आणतो. पण मुलांना रंग आणि ऋतू सांगणाऱ्या इंग्रजीतल्या एका नावाजलेल्या पुस्तकात रंगीत चित्र एकही नव्हतं. त्या पुस्तकाचं नाव 'सिंग-साँग'. कवयित्री ख्रिस्तिना रोझेटी यांचा हा बालगीतसंग्रह १८७२ साली लंडनच्या राउटलेज प्रकाशनाने काढला. आर्थर ह्यूजेस यांनी त्यासाठी १२० चित्रं काढली, डॅल्झिएल बंधूंनी ती लाकडी ठोकळ्यांवर कोरली आणि ती काळ्या शाईत छापली गेली.

रोझेटीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते केंब्रिजच्या एका प्राध्यापकांच्या तान्ह्या बाळाला. हस्तलिखितात कवितांजवळ त्यांनी स्वतः पेन्सिलीने छोटी चित्रं काढली होती. गाणं आणि चित्र त्यांच्या मनात जोडीनंच आलं होतं.

त्यातल्या एका गाण्यात रंगांचे प्रश्न आहेत. अमुक रंग म्हणजे काय, असं विचारायचं आणि उत्तरात एखादी वस्तू सांगायची: फूल, फळ, गवत, आकाश. दुसऱ्या गाण्यात वर्षाचे बारा महिने आपापली हवा घेऊन येतात. पानावर रंग नाही, तेव्हा मुलाने तो पुस्तकाबाहेर शोधायचा. या गाण्यांची खरी ताकद मला इथे दिसते.

पुढे रंग पानावर आला. लंडनचे मुद्रक एडमंड इव्हान्स प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा वापरून छपाई करीत. त्यांनी १८७९ साली केट ग्रीनअवे यांचं 'अंडर द विंडो' हे चित्रमय कवितांचं पुस्तक छापलं. पहिल्याच आवृत्तीच्या २०,००० प्रती काढण्याचं धाडस त्यांनी केलं आणि त्या हातोहात खपल्या. मुलांची चंगळ झाली. पण रंग बघायला अंगणात जायची गरजही कमी झाली.

ही गरज कमी होण्याचा परिणाम मी बालवाडीत शिकवत असताना पाहिला. वर्गात ऋतूंचा विकतचा तक्ता होता. हिवाळ्यात बर्फाचा माणूस, शरदात लाल पानं गाळणारं झाड. खिडकीबाहेर मात्र फाल्गुनात पळस फुललेला आणि कुसुंबाला तांबडी पालवी. आपल्याकडे हे लाल पान गळतीचं नव्हे, नव्या पालवीचं! मुलं तक्ता पाठ म्हणत. एका मुलीने विचारलं, "बाई, हा ऋतू आपल्याकडे कधी येणार?"

या प्रश्नाची वाट ताराबाई मोडकांनी फार आधी दाखवली होती. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ठरवलं. महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू हाती घेतल्या. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी कागदांत रुळला आहे, पण त्यात खरोखरीचं अंगण होतं.

आणि आपली भाषा तर या कामी आधीच तयार आहे. जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, पोपटी, राखाडी! मराठीतल्या कितीतरी रंगांची नावं म्हणजे वस्तूच आहेत. त्यातल्या फळाफुलांना आपापला काळ असतो. जांभूळ पहिल्या पावसाच्या सुमारास पिकतं. रंग शिकवता शिकवता ऋतू आपोआप शिकवला जातो. पण ज्या मुलाने जांभूळ खाऊन जीभ रंगवली नाही, त्याला 'जांभळा' हा पाठ करायचा आणखी एक शब्द. असे शब्द एकेक करून पोकळ होत चालले आहेत, याची मला धास्ती वाटते.

म्हणून चित्रांचं पुस्तक जरूर आणावं. गाणं मोठ्याने, तालात, दोनदा म्हणावं. मग पुस्तक मिटावं आणि मुलाचं बोट धरून त्या रंगाची एक तरी वस्तू शोधायला निघावं. ती मिळाली नाही, तर तिचा महिना सांगावा. वाट पाहणं हाही ऋतूंचाच धडा आहे.