कोविड-१९ काळातील शेतकरी अर्थसाहाय्य (कोल्हापूर जिल्हा)

कोविड-१९ महामारीच्या काळात महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना मिळालेले शासकीय साहाय्य प्रामुख्याने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी, पीककर्ज परतफेडीतील सवलती आणि महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांद्वारे देण्यात आले. जिल्ह्यात पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने कर्जमुक्तीपेक्षा नियमित कर्जदारांसाठीचा ‘प्रोत्साहनपर लाभ’ येथे अधिक महत्त्वाचा ठरला. तो मात्र २०२२ पर्यंत लांबला.

पार्श्वभूमी

ऊस हे जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक आहे. कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे पीककर्ज गावोगावच्या विकास सेवा संस्थांमार्फत वितरित होते आणि साखर कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलातून ते वळते करून घेतले जाते. या पद्धतीमुळे थकबाकी मर्यादित राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुरात जिल्ह्यातील पिकांची मोठी हानी झाली. त्यानंतर राज्य शासनाने एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकांवरील कर्ज माफ केले.

टाळेबंदीतील साहाय्य

केंद्र शासनाने २६ मार्च २०२० रोजी प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यानुसार किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्ये थेट बँक खात्यांत जमा करण्यात आला. ही वाढीव रक्कम नव्हती. वार्षिक ६,००० रुपयांपैकीच एक हप्ता वर्षारंभी देण्यात आला. योजना जमीनधारक कुटुंबांपुरती असल्याने स्वतःच्या नावे जमीन नसलेले वाटेकरी, खंडाने शेती करणारे व शेतमजूर तिच्या कक्षेबाहेर राहिले. पीककर्जाच्या परतफेडीची मुदत प्रथम ३१ मे व नंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवून व्याज सवलत कायम ठेवण्यात आली.

कर्जमुक्ती

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज पात्र होते. लाभार्थ्यांची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाली. पुढील महिन्यात टाळेबंदीमुळे आधार प्रमाणीकरणाचे काम खंडित झाले.

प्रोत्साहनपर लाभ

नियमित कर्जदारांना ५० हजार रुपयांपर्यंत लाभ देण्याची घोषणा ६ मार्च २०२० रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात झाली होती. महामारीत राज्याचा महसूल घटल्याने तिची अंमलबजावणी रखडली. २०२२ मध्ये योजना पुन्हा हाती घेण्यात आली, तेव्हा महापुरानंतरच्या कर्जमाफीचे लाभार्थी वगळले जाणार असल्याने जिल्ह्यात असंतोष पसरला. राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने जुलै २०२२ मध्ये कोल्हापुरात मोर्चा काढला. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने या शेतकऱ्यांचा समावेश करण्याचा निर्णय घेतला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी कोणत्याही दोन वर्षांत मुदतीत परतफेड करणारे शेतकरी पात्र ठरले. मृत कर्जदारांच्या वारसांनाही लाभ देण्यात आला. राज्यात सुमारे १३.८५ लाख शेतकऱ्यांसाठी ५,७२२ कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित होता. प्रत्यक्ष वितरण ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले.

परिणाम

थकबाकीदाराचे कर्ज माफ होते आणि वेळेवर फेडणारा वंचित राहतो, हा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा जुना आक्षेप या लाभामुळे अंशतः दूर झाला. तथापि घोषणेपासून सुमारे अडीच वर्षांनी मिळालेली ही रक्कम टाळेबंदीच्या आणि जुलै २०२१ च्या दुसऱ्या महापुराच्या काळात त्यांच्या हाती नव्हती.