शेवंड, जहाज आणि मेजवानी

खाद्यपदार्थांचा इतिहास म्हटला की पाककृतींचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः एखादा पदार्थ कोठे खाल्ला गेला, तो कोणी वाढला आणि कोणाला परवडला, हे प्रश्न पाककृतीपेक्षा अधिक बोलके असतात. आजच्या आलिशान पर्यटनजहाजांवर सफरीतील एका ठरावीक रात्री प्रवासी ठेवणीतले कपडे घालून भोजनगृहात येतात आणि त्यांच्यापुढे लॉबस्टर येतो. हा प्रघात अनेक जहाजांवर इतका रूढ आहे की, लॉबस्टरची रात्र कोणती याची चौकशी काही प्रवासी जहाजावर पाऊल ठेवताच करतात. या मेजवानीत एक प्राणी आणि एक वाहन यांची गाठ पडली आहे. दोनशे वर्षांपूर्वी यांपैकी एकही चैनीची खूण नव्हते. प्राणी मुबलक आणि म्हणून स्वस्त होता. वाहन हालअपेष्टांचे होते. हे दोघे प्रतिष्ठेच्या पायऱ्या कसे चढले आणि त्या चढणीची किंमत कोणी मोजली, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘लॉबस्टर’ला आपल्या किनाऱ्यावर शेवंड म्हणतात, परंतु हे दोन्ही शब्द एकाच प्राण्याचे नाव नव्हेत. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील लॉबस्टरला पुढे दोन दणकट नांग्या असतात आणि त्यांतील मांस विशेष चवीचे मानले जाते. आपल्याकडील, तसेच कॅरिबियन समुद्रातील शेवंड उष्ण पाण्यातले. त्यांना तशा मोठ्या नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा असतात आणि खाण्याजोगा ऐवज जवळजवळ सगळा शेपटीत. जहाजावरच्या ताटात पुष्कळदा नुसती शेपटीच का येते, याचे उत्तर या जातिभेदात आहे. कीर्ती एका प्राण्याने मिळवली आणि ताटात त्याच्या नावाने दुसराच आला, असे अनेकदा घडते.

ही कीर्तीही जुनी नाही. १६२३ साली प्लिमथच्या वसाहतीत इंग्लंडहून नव्या लोकांना घेऊन जहाज आले, तेव्हा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांना पाहुण्यांपुढे ठेवायला लॉबस्टर किंवा माशाचा तुकडा आणि झऱ्याचे पाणी यांपलीकडे काही नव्हते. भाकरीचा तुकडाही नव्हता. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी ही नोंद केली आहे ती दारिद्र्याची खूण म्हणून. भाकरी नाही म्हणून लॉबस्टर खावा लागतो, हे वाक्य आज विनोदी वाटेल. त्या काळी ते खरे दुःख होते.

येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेतला पाहिजे. आठवड्यातून अमुक वेळांपेक्षा अधिक लॉबस्टर खायला घालणार नाही, अशी अट न्यू इंग्लंडमधील नोकर आपल्या करारपत्रात घालून घेत, असे सर्रास सांगितले जाते. तसे एकही करारपत्र आजवर पुढे आलेले नाही. इंग्लंडमध्ये हीच कथा सामन माशाविषयी सांगतात. एकच कथा दोन ठिकाणी दोन पदार्थांविषयी सांगितली जाऊ लागली की अभ्यासकाने सावध व्हावे. तथापि दंतकथा खोटी ठरली तरी तिची मागणी खरी असते. आज जे दुर्मीळ आहे ते एके काळी नकोसे होते, हे ऐकण्यात आपल्याला एक आनंद वाटतो. बहुधा हेच तिच्या टिकून राहण्याचे कारण असावे.

मग बदलले काय? प्राणी तोच होता, चवही तीच. बदलले ते अंतर. मेल्यानंतर लॉबस्टरचे मांस फार लवकर बिघडते. त्यामुळे तो जिवंत असतानाच स्वयंपाकघरात पोचावा लागतो. किनाऱ्यावर ज्याचा वीट यावा, तोच पदार्थ शंभर मैल आत अप्राप्य होता. एकोणिसाव्या शतकात पाणी खेळते राहील अशा हौदांची गलबते मेनच्या किनाऱ्यावरून जिवंत लॉबस्टर बोस्टन आणि न्यू यॉर्कला नेऊ लागली. १८४०च्या दशकात मेनमध्येच ते डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले. पुढे रेल्वे आणि बर्फ यांनी उरलेले काम केले. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता अशा शहरवासीयांना लॉबस्टर दूरच्या प्रदेशातील अपूर्वाई वाटू लागला. त्याच्या गरिबीची आठवण त्यांच्यापाशी नव्हतीच. किनाऱ्याचा तिटकारा रेल्वेने आत नेला नाही, फक्त प्राणी नेला.

आता जहाजाकडे वळू. १८४० साली क्यूनार्ड यांचे ‘ब्रिटानिया’ अटलांटिक ओलांडू लागले, तेव्हा ताज्या दुधासाठी जहाजावर गाय ठेवलेली असे. शीतकरणाची सोय नव्हती, त्यामुळे ताजे अन्न न्यायचे म्हणजे ते जिवंतच न्यायचे. जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेला. कंपनीच्या कचेरीतील चित्रात दिसणारे भव्य दालन आणि प्रत्यक्षातील कोंदट, अरुंद भोजनखोली यांतील तफावतीची त्याने ‘अमेरिकन नोट्स’मध्ये यथेच्छ थट्टा केली आहे. तुफान, ओकाऱ्या आणि ओलावा यांत जेवण ही मेजवानी नव्हती, ती एक परीक्षा होती. जाहिरात आणि जहाज यांतील हे अंतर पुढील पन्नास वर्षांत पोलाद, वाफ, वीज आणि बर्फ यांनी बरेचसे मिटवले.

जानेवारी १८९१ या एकाच महिन्यात दोन घटना घडल्या. हँबुर्ग-अमेरिका कंपनीचे ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाले. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी आणि जहाजे रिकामी, म्हणून कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी ही कल्पना काढली. कोठे पोचायचे नाही, केवळ फिरून परत यायचे, अशा पर्यटनसफरींचा आरंभ पुष्कळ इतिहासकार येथून मानतात. त्याच महिन्यात पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेझमध्ये व्हिक्टोरियां सार्दू यांचे ‘थर्मिदोर’ हे नाटक आले. रोबस्पिएरच्या पतनाविषयीच्या या नाटकावरून गदारोळ माजला आणि मोजक्या प्रयोगांतच त्यावर बंदी आली. नाटक आज फारसे कोणी वाचत नाही. पण पॅरिसच्या उपाहारगृहांनी लॉबस्टरच्या एका पाककृतीला त्याचे नाव दिले आणि ‘लॉबस्टर थर्मिदोर’ जगभर पोचला. क्रांतीच्या पंचांगातील एका महिन्याचे नाव अखेरीस श्रीमंतांच्या ताटात स्थिरावले, यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही.

१९०५ साली हँबुर्ग-अमेरिकाच्याच ‘अमेरिका’ या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाने स्वतंत्र उपाहारगृह सुरू झाले. आता प्रवाशाला समुद्रावर असल्याचा विसर पाडणे हे जहाजाच्या भोजनगृहाचे ध्येय झाले. अशा काळात भोजनपत्रिका हा एक दस्तऐवज बनतो. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांस ती संहितेसारखी वाचावीशी वाटते. ‘टायटॅनिक’च्या शेवटच्या दिवसाच्या, १४ एप्रिल १९१२च्या, पत्रिका उपलब्ध आहेत. पहिल्या वर्गाच्या रात्रीच्या जेवणात आरंभी कालवे आणि नंतर मूसलिन सॉससह सामन मासा होता. दुसऱ्या वर्गाला भाजलेला हॅडॉक मासा मिळाला. शिवाय भातासह कोंबडीची ‘करी’ही होती, हे आपण आवर्जून नोंदवावे. तिसऱ्या वर्गाच्या न्याहारीत धुरावलेले हेरिंग होते. समुद्र एकच, जहाज एकच. पण माशांना वर्ग होते. त्या रात्रीच्या पहिल्या वर्गाच्या प्रसिद्ध जेवणात लॉबस्टर मात्र नाही, आपल्या कल्पनेतील ‘टायटॅनिक’च्या ताटात तो कितीही शोभत असला तरी.

याच जहाजावर लुइजी गात्ती यांचे स्वतंत्र उपाहारगृह होते. तेथील साठाहून अधिक नोकर बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होते. त्यांतील तिघेच वाचले. पत्रिकेवर स्वयंपाक्याचे नाव नसते, वाढप्याचे तर नसतेच. त्यांची नावे मृतांच्या यादीत शोधावी लागतात.

वाढपी म्हटले की आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी एका प्रदेशाचे, भट्टीवरचे दुसऱ्या, अशी विभागणी असे. भोजनगृह आणि मुदपाकखाना यांत गोव्याचे ख्रिस्ती तारवटी असत. गोमांस वा डुकराचे मांस हाताळण्यास त्यांची धार्मिक हरकत नसे, हे त्यांच्या निवडीचे एक व्यावहारिक कारण होते. जहाज मिळेपर्यंत हे लोक धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावांच्या ‘कुडां’त राहत. युरोपीय मेजावर कोणता काटा कोठे ठेवायचा हे त्यांना पाठ होते; त्या मेजावर बसण्याचा प्रसंग मात्र येत नसे. याच्या उलट चित्र १८८८ सालचे. मुंबईहून विलायतेस निघालेले तरुण मोहनदास गांधी मेजावर बसण्याचे हक्कदार होते; परंतु काट्याचमच्यांची सवय नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नाही, म्हणून ते खोलीत बसून बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खात. जहाजाचे भोजनगृह ही केवळ जेवणाची जागा नव्हती. तेथे कोण सहज वावरतो आणि कोण संकोचतो, यावरून साम्राज्याचा नकाशा काढता आला असता.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस जेट विमाने आली आणि अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजाची गरज संपली. जहाजे मोडीत निघाली किंवा सफरींवर लागली. १९६०-७०च्या दशकांत मायामीहून कॅरिबियन सफरींचा व्यवसाय उभा राहिला आणि त्याचा ग्राहक मध्यमवर्गीय होता. जुन्या पहिल्या वर्गाचे जीवन एका आठवड्यासाठी, हप्त्याने परवडेल अशा दरात देणे, हे त्याचे आश्वासन. त्या आश्वासनाचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे लॉबस्टर. तो ताटात आला की आपण वरच्या वर्गात आहोत याची खात्री पटते. गंमत अशी की, जहाज समुद्रावर असते, पण स्वतः मासेमारी करीत नाही. हजारोंच्या पंगतीचा ऐवज बंदरावरच भरला जातो, पुष्कळसा गोठवलेला. ज्या पाण्यावरून जहाज जाते, त्याचा पंगतीशी संबंध असेलच असे नाही.

अमेरिकी लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस याने १९९६ मध्ये अशा सफरीवर आणि २००४ मध्ये मेनच्या लॉबस्टर महोत्सवावर असे दोन दीर्घ निबंध लिहिले. पहिल्यात अखंड लाड पुरवले जाण्यातील उदासी आहे. दुसऱ्यात जिवंत प्राणी उकळत्या पाण्यात सोडण्याचा नैतिक प्रश्न. प्रश्न निबंधापुरता राहिला नाही. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये बेशुद्ध न करता लॉबस्टर उकळण्यावर बंदी घातली आणि ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने लॉबस्टर-खेकड्यांना संवेदनशील प्राण्यांत गणले. प्राण्याच्या वेदनेकडे लक्ष गेले, हे योग्यच झाले. पण ताटामागे आणखी एक वेदना आहे आणि तिच्याकडे लक्ष जायला अधिक वेळ लागला.

होंडुरास आणि निकाराग्वा यांच्या किनाऱ्यावर मिस्किटो नावाचा आदिवासी समाज राहतो. तेथील तरुण पाठीवर हवेची टाकी बांधून शेवंड पकडण्यासाठी दिवसातून अनेकदा खोल पाण्यात उतरतात. उथळ पाण्यातला साठा सरला तसे अधिक खोल जावे लागले. खोलातून घाईने वर आले की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात; त्याने पाणबुड्या कायमचा पंगू होतो किंवा मरतो. पुरेसे प्रशिक्षण नाही, धड साधने नाहीत आणि मजुरी पकडीवर, त्यामुळे घाई अटळ. हा माल प्रामुख्याने अमेरिकेच्या बाजारात जातो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने अशा ४२ पाणबुड्यांच्या प्रकरणात होंडुरास सरकारला जबाबदार धरले. अमुक जहाजावरची शेपटी अमुक पाणबुड्याने आणली, असे कोणी सांगू शकत नाही. दुर्दैव तेच आहे: गोठवलेल्या शेपटीवर हाताची खूण उरत नाही.

आपला किनारा या कथेबाहेर नाही. मुंबईच्या समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यांत सापडणाऱ्या चपट्या शेवंडांना निर्यातीची बाजारपेठ मिळाली आणि १९९४च्या सुमारास त्यांची मासेमारी कोसळली. अंडी असलेल्या माद्याही पकडल्या गेल्या, हे त्याचे मोठे कारण. निर्यातीसाठी किमान वजनाचा नियम २००३ मध्ये आला; तोवर मुंबईची हानी होऊन गेली होती.

ब्रॅडफर्डच्या पाहुण्यांना लॉबस्टर कोठून आला हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांना त्याचे अप्रूप नव्हते. पुढील चारशे वर्षांत तो जितका दूर गेला तितका मोठा झाला आणि त्याला पकडणारा माणूस तितकाच दिसेनासा झाला. चैन म्हणजे केवळ महागडी वस्तू नव्हे, तर वस्तू कोठून आली हे विचारावे न लागण्याची सोय, असे या इतिहासावरून आम्हांस वाटते. कोणी शेवंड खाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तसे म्हणणारा वेडा ठरेल. परंतु भोजनपत्रिका वाचताना तिच्यात न छापलेल्या नावांची आठवण ठेवावी, एवढी अपेक्षा वाचकांकडून निश्चितच आहे.