मोटारीच्या धुराची परीक्षा

१८६७ सालच्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, आणि वसई-विरारच्या रहिवाशांस यंत्राचा धूर रोजच्या परिचयाचा झाला. १९३६ सालीं विजेवर चालणारी गाडी विरारपर्यंत आली व लोकलगाडीचा धूर संपला. परंतु पुढें गांवांच्या पूर्वेकडून धुरानें दुसरी वाट काढली. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरील मोटारी व मालमोटारी तो घेऊन आल्या.

या दोन धुरांत एक महत्त्वाचा भेद आहे. आगगाडीचें इंजिन कोळसा जाळी, तेव्हां तें निर्दोष असतांनाही धूर सोडी. मोटारीचें तसें नाहीं. तिचें इंजिन नीट चालत असेल तर नळींतून डोळ्यांस दिसण्याजोगें फारसें कांहीं बाहेर पडत नाहीं. मोटारीचा धूर हें तिच्या दुखण्याचें लक्षण होय. म्हणूनच वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो, तसा कुशल कारागीर प्रथम सायलेन्सरचें तोंड पाहतो.

धुराचे रंग मुख्यतः तीन. काळा धूर म्हणजे जळण अधिक व हवा कमी. हवेची गाळणी धुळीनें बुजली, अथवा जुन्या गाडींत कार्ब्युरेटरचा चोक अडकून राहिला, म्हणजे पेट्रोल अर्धवट जळतें व त्याची काजळी होते. डिझेलच्या गाडींत हा दोष बहुधा नोझलाचा असतो. त्यानें तेलाची बारीक फवारणी न करितां थेंब टाकले कीं ते पुरते जळत नाहींत. येथें उपाय बेताच्या खर्चाचा आहे : गाळणी बदलावी, चोक मोकळा करावा, नोझल तपासून घ्यावें.

निळसर धूर अधिक खर्चाचा. वंगणाचें तेल सिलिंडरांत शिरून जळत आहे असें तो सांगतो. सकाळीं गाडी सुरू करतांच एक निळा लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे सील झिजले असावेत. चढावर जोर देतांना तो सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच झिजल्याचा संभव अधिक. मग इंजिन उघडून रिंगा बदलणें, प्रसंगीं सिलिंडर बोअर करून घेणें, यावांचून गत्यंतर नसतें.

पांढऱ्या धुराविषयीं मात्र घाई करूं नये. थंडीच्या सकाळीं दिसणारी पातळ वाफ निरुपद्रवी असते; इंजिन तापलें कीं ती नाहींशी होते. ती न थांबतां दाट होत गेली व रेडिएटरमधील पाणी कमी होऊं लागलें, तर हेड गॅस्केट फुटून पाणी आंत शिरत आहे असें समजावें. अशी गाडी तशीच दामटणें म्हणजे इंजिनाचा नाश ओढवून घेणें.

ही विद्या वाढली ती मालकाच्या पैशाच्या बचतीकरितां. शेजाऱ्याच्या श्वासाचा विचार तींत नव्हता. तो विचार कायद्यानें केला. मुंबईंत १९१२ सालीं धूर-उपद्रवाचा कायदा झाला; त्याचा रोख भट्ट्या व धुराडीं यांवर होता. पुढें १९३९ च्या मोटार कायद्यानें धूर, दिसणारी वाफ, ठिणग्या, राख यांबद्दल नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. जें डोळ्यांस दिसतें तेंच अपायकारक, अशी समजूत या शब्दयोजनेमागें असावी.

ती समजूत अपुरी होती. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास; तरी बंद खोलींत चालू ठेवलेली मोटार त्याच्यायोगें माणसाचा प्राण घेऊं शकते. १९२१ सालीं अमेरिकेंत असा शोध लागला कीं, पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळलें असतां इंजिनाची खडखड थांबते. गाड्या सुरळीत चालूं लागल्या. शिसें मात्र रस्त्यावरील हवेंतून मुलांच्या रक्तांत उतरत राहिलें. भारतांत शिसेरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ सालीं आलें, आणि २००० सालीं सर्व देशांत तोच नियम झाला.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं डोळ्यांच्या मदतीस उपकरण आणलें. पेट्रोल गाडीच्या नळींतील कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण व डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजूनच प्रमाणपत्र द्यावें असें ठरलें. तरीही मुंबईची हवा निवळली नाहीं. १९९९ सालीं धुरानें त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या संघटनेची याचिका उच्च न्यायालयापुढें होती. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, आणि पुढील वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येनें नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली व २०१४ सालीं हा भाग नव्या पालघर जिल्ह्यांत आला. येथील गाड्यांस ४८ क्रमांकाची स्वतंत्र पाटी मिळाली. नियम आहेत, उपकरणें आहेत. परंतु उपकरण रोग सांगतें, तो बरा करीत नाहीं. घट्ट तेल ओतून निळा धूर कांहीं दिवस दडवितां येतो, आणि तेवढ्यांत तपासणीही पार पडते. रिंगा मात्र झिजतच राहतात, आणि नव्या गाडींत जळलेल्या तेलाची राख नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करूं लागते. मग न दिसणारे विषारी वायूही मोकळे सुटतात. गाडीच्या काचेआड बसलेल्यास ते जाणवत नाहींत, फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांच्या छातींत ते जातात. काळी गाळणी वेळेवर बदलणारा व झिजलेल्या रिंगांचा खर्च पुढें न ढकलणारा गाडीवान आपल्या इंजिनाबरोबर त्यांचाही श्वास राखतो.