फुफ्फुसातली आग

पुणे-मुंबई रस्त्यावर पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभारलेला, सरकारी क्षेत्रातला आपला हा पहिला प्रतिजैविकांचा कारखाना. तेथे मोठमोठ्या बंद टाक्यांत पेनिसिलियम ही बुरशी वाढवली जाई. या बुरशीला साखर लागते, नत्र लागतो. पण फार जपावे लागते ते हवेला. निर्जंतुक केलेली हवा टाकीच्या तळातून अहोरात्र सोडावी लागते. ती थांबली की बुरशी गुदमरते आणि पेनिसिलिनचे उत्पादन घसरते. प्राणवायूवाचून जीवन नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इतक्या ठसठशीतपणे क्वचितच पाहायला मिळते.

याच पिंपरी-चाकण पट्ट्यात प्राणवायूची आणखी दोन रूपे दिसतात. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या पत्र्यावर चढणारा गंज हे एक. आणि गॅसकटरच्या झोतात लोण्यासारखे कापले जाणारे पोलाद हे दुसरे. दोन्ही ऑक्सिडीकरणच. एक सावकाश चालणारे, दुसरे धडाक्याने होणारे. फ्लूने किंवा कोविडने आजारी पडलेल्या माणसाच्या फुफ्फुसात जे घडते ते या दोन्हींचे जवळचे नातेवाईक आहे. हे कळायला शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षे लागली.

सुरुवात १९१८ च्या साथीपासून करू. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझा आला. पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, फार भयंकर लाट उसळली. सावध अंदाज घेतले तरी हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे त्या साथीत दगावली. ओठ आणि चेहरा निळसर पडणे, श्वास कोंडणे आणि काही दिवसांत मृत्यू, असे अनेकांचे झाले. नवल म्हणजे वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली. जपून ठेवलेल्या त्या काळच्या फुफ्फुसांच्या नमुन्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मृत्यूंत विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाला होता, असे त्यातून दिसले. म्हणजे १९१८ मध्ये पेनिसिलिन असते तर पुष्कळ जीव वाचले असते.

पण सगळे नाही. पेनिसिलिन जिवाणूला त्याची पेशीभित्ती बांधू देत नाही. विषाणूला भित्तीच नसते. १९५७ साली आशियाई फ्लूची साथ आपल्याकडे आली तेव्हा पिंपरीत पेनिसिलिन तयार होत होते. त्या साथीत भारतात सुमारे ४४ लाख रुग्णांची आणि अकराशेच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली. १९१८ शी तुलना करून याचे श्रेय पेनिसिलिनला देण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. हा विषाणू मुळातच पुष्कळ सौम्य होता, आणि नोंदींतून सुटलेले मृत्यूही असणारच. शिवाय जिवाणूंचा मागमूस नसतानाही काही रुग्णांची फुफ्फुसे निकामी होत. ती कोण निकामी करत होते?

याचे उत्तर फ्लूच्या संशोधनातून आले नाही. ते प्राणवायूच्या अभ्यासातून आले. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर याने दाखवले होते की, फार दाबाखालचा प्राणवायू प्राण्यांना विषासारखा बाधतो. १८९९ मध्ये ब्रिटिश वैद्यक लोरेन स्मिथ याला त्याच्या प्रयोगातल्या प्राण्यांत आढळले की, त्याहून कमी दाबाचा प्राणवायूही बराच वेळ हुंगवला तर फुफ्फुसांना सूज येते. असे का व्हावे? १९५४ साली, म्हणजे पिंपरीचा कारखाना स्थापन झाला त्याच वर्षी, रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या संशोधिकेने अमेरिकेत आपल्या सहकाऱ्यांसह एक धाडसी कल्पना मांडली. क्ष-किरणांनी होणारी इजा आणि प्राणवायूची बाधा यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मुक्त मूलके.

वर्गात हे सांगताना इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडावा. प्राणवायूच्या रेणूला पुरते चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे निरुपद्रवी पाणी होते. आपल्या पेशी श्वसनात हेच करतात. पण एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर सुपरऑक्साइड बनते. ते अर्धवट, अस्वस्थ मूलक असते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आणखी दाहक पदार्थ होतात. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांवर, प्रथिनांवर, डीएनएवर तुटून पडतात. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइडचा निचरा करणारे विकर गाईबैलांच्या तांबड्या रक्तपेशींत सापडले. निचऱ्याची अशी सोय शरीरात आहे, त्याअर्थी हा पदार्थ शरीरात रोज तयार होत असणार, हे उघड झाले. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे विकर तर बटाट्यातही असते. औषधाच्या दुकानातले पातळ पेरॉक्साइड बटाट्याच्या ताज्या कापावर टाकले की फसफसते ते त्यामुळेच. विकरे आणि ग्लुटाथायोनसारखे रेणू यांना आवरता येणार नाही इतकी दाहक द्रव्ये झाली की तोल जातो. या स्थितीला जर्मनीच्या हेल्मुट सीस याने १९८५ साली ऑक्सिडीकरणाचा ताण असे नाव रुळवले.

आता दुसरा धागा. जिवाणू गिळताना पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू ओढतात, हे १९३३ मध्येच नोंदले गेले होते. हा प्राणवायू जातो कुठे, ते १९७३ मध्ये बॅबियर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पेशी त्याचे सुपरऑक्साइड करतात, मुद्दाम, शस्त्र म्हणून! त्यापासून पुढे ब्लीचिंग पावडरीतून मिळणारे हायपोक्लोरस आम्लही बनते. (हे आम्ल बनवणारे विकर हिरवट असते, पुवाची हिरवी झाक त्याचीच.) काही मुलांत जन्मतः हे शस्त्र नसते. अशा मुलांना जिवाणूंचे आणि बुरशीचे गंभीर संसर्ग पुनःपुन्हा होतात. विषाणूंचा त्रास मात्र त्यांना फारसा वेगळा होत नाही. या एका निरीक्षणात पुष्कळ काही दडलेले होते.

जपानमधील कुमामोतोच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दोन्ही धागे एकत्र आणले. फ्लू झालेल्या उंदरांच्या फुफ्फुसातल्या पेशी भरमसाट सुपरऑक्साइड सोडत होत्या. त्या उंदरांना सुपरऑक्साइडचा निचरा करणारे विकर, रक्तात टिकावे म्हणून एका बहुवारिकाला जोडून, टोचले. मरणपंथाला लागलेले उंदीर वाचले. हे औषध लागणीनंतर पाचव्या ते आठव्या दिवशी दिले होते, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. तोवर फुफ्फुसातले विषाणू ओसरणीला लागलेले असतात. उंदीर मरत होते ते उरलेल्या आगीत, आणि ती आग त्यांच्याच शिपायांनी लावलेली होती. २००६ साली, हे शस्त्रच नसलेल्या उंदरांत फ्लूने फुफ्फुसांची हानी कमी होते, असेही दिसून आले.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. ती एक शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल आले. फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर उत्तम, असे डॉक्टर बजावत होते. कुमामोतोचे उंदीर डोळ्यांपुढे ठेवले की त्याचे एक कारण कळते. ती गोळी विषाणूची वाढ रोखते. आग भडकल्यावर तिच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही.

मग ही आग विझवावी कशी? येथे घाईने उड्या मारणाऱ्यांची फजिती झाली. १९९७ च्या एका इटालियन अभ्यासात ग्लुटाथायोन वाढवणारे एन-ॲसिटिल सिस्टीन सहा महिने घेतलेल्यांना फ्लूची लागण इतरांइतकीच झाली, पण प्रत्यक्ष आजारी पडणारे खूपच कमी निघाले. आशा वाढली. २०२० मध्ये कोविड आला आणि घरोघरी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळल्या जाऊ लागल्या. गंभीर कोविडमध्ये एन-ॲसिटिल सिस्टीन ब्राझीलमधल्या चाचणीत निरुपयोगी ठरले. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा रुग्णालयातील रुग्णांना फायदा होत नाही, असे २०२३ मध्ये मोठ्या चाचण्यांतून निष्पन्न झाले. रुग्णाच्या रक्तात ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढलेल्या सापडतात हे खरे. पण त्या धुरासारख्या असतात. धूर पुसला म्हणून आग विझत नाही. उपयोग झाला तो डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडचा. ते आग लावणाऱ्या शिपायांनाच आवरते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू द्यावा लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

त्या काळात पिंपरीत नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो रुग्णालय उभे राहिले होते. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई झाली, आणि २२ एप्रिलपासून केंद्र सरकारने मोजके उद्योग सोडून कारखान्यांचा प्राणवायू बंद केला. पोलाद कापणारा वायू माणसांसाठी वळवला गेला. हिशेब विद्यार्थ्यांना करायला द्यावा: मोठ्या सिलिंडरमधून सुमारे ७००० लिटर वायू मिळतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो बारा तासही पुरत नाही. मिनिटाला ६० लिटर लागत असतील तर दोन तासही नाही.

रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ९२ ते ९६ टक्के राखावी, त्याहून वर नेऊ नये, अशी तेव्हा डॉक्टरांना सूचना होती. आकडा ९८-९९ दिसला की परिचारिका चकती फिरवून प्रवाह कमी करीत. नातेवाईक कासावीस होत. सिलिंडर वाचवण्यासाठी आपल्या माणसाचा श्वास तोडला जातोय, असे त्यांना वाटे. सिलिंडर वाचत होताच. पण लोरेन स्मिथने १८९९ मध्ये सुजलेली फुफ्फुसे पाहिली होती, ती अशाच प्राणवायूने.