एडीएचडी : औषधांची निवड आणि पालकांची जबाबदारी

वर्गात लक्ष नसते, हातातले काम अर्धवट टाकतो, डबा नाहीतर कंपास रोज हरवतो, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही... शाळेतून अशा तक्रारी वारंवार येऊ लागल्या की पालक आधी मुलाला रागावतात आणि नंतर स्वतःला दोष देतात. अशा प्रत्येक मुलाला काही विकार असतोच असे नाही. मात्र ही लक्षणे किमान सहा महिने टिकून असतील, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसत असतील आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी अडथळा आणत असतील, तर एडीएचडी, म्हणजेच अवधानातील कमतरता आणि अतिचंचलता या विकाराची शक्यता तपासावी लागते. रक्ताच्या चाचणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने त्याचे निदान होत नाही. पालक व शिक्षकांकडून मिळालेली माहिती आणि तज्ज्ञांनी केलेली मुलाची प्रत्यक्ष तपासणी हाच त्याचा आधार असतो.

निदान झाल्यावर औषधाचा विषय निघतो आणि घराघरात दोन टोकाचे सूर उमटतात. एक सूर 'मेंदूवरची गोळी नकोच' असा, तर दुसरा 'परीक्षेपुरती गोळी द्या' असा. निर्णय यापैकी कोणत्याही टोकावरून होऊ नये, म्हणून औषधांची माहिती असणे आवश्यक आहे.

उत्तेजक औषधे

अतिचंचल मुलाला उत्तेजक औषध द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. १९३७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ॲम्फेटामिन गटातील औषध दिल्यावर काही मुले शांत झाल्याचे व अभ्यासात रमू लागल्याचे नोंदवले, आणि या उपचाराची सुरुवात झाली. लक्ष टिकवणे व आवेग आवरणे या कामांत मेंदूतील डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. ही औषधे त्यांची उपलब्धता वाढवतात.

भारतात या गटातील मुख्य औषध मेथिलफेनिडेट हे आहे. ते साधारणपणे सहा वर्षांवरील मुलांना दिले जाते. त्याहून लहान मुलांसाठी पालकांना वर्तनोपचाराचे प्रशिक्षण देणे हा पहिला मार्ग मानला जातो. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात दिसू लागतो व तीन-चार तास टिकतो. संथपणे विरघळणाऱ्या गोळीचा परिणाम, तिच्या प्रकारानुसार, आठ ते बारा तासांपर्यंत राहतो. शाळा सकाळची आहे की दुपारची, गृहपाठ केव्हा होतो, हे पाहून डॉक्टर प्रकार ठरवतात.

भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोटदुखी, डोकेदुखी हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. नाडी व रक्तदाब किंचित वाढतो, उंची वाढण्याचा वेगही थोडा मंदावू शकतो. मुलाला हृदयविकार असल्यास किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे.

व्यसनाची भीती अनेकांना वाटते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत व देखरेखीखाली घेतल्यास हा धोका कमी असतो. तथापि गैरवापर होऊ शकतो म्हणूनच भारतात हे औषध अनुसूची 'एक्स'मध्ये आहे. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. निदान नसलेल्या भावंडाला किंवा मित्राला परीक्षेच्या काळात ही गोळी देणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. अमेरिकेत सर्रास दिले जाणारे ॲडेरॉल भारतात बाजारात मिळत नाही. त्यामुळे तेथून परतणाऱ्या कुटुंबांनी प्रवासाआधीच पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

उत्तेजक नसलेली औषधे

उत्तेजक औषध सोसले नाही, पुरेसे लागू पडले नाही किंवा घरात गैरवापराची शक्यता असली, तर ॲटोमॉक्सेटिनचा विचार होतो. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याची सवय लागत नाही आणि परिणाम दिवसभर राहतो. मात्र पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे आठवडाभरात 'उपयोग नाही' म्हणून ते सोडू नये. मळमळ व झोपाळूपणा हे त्याचे सामान्य त्रास आहेत. क्वचित यकृताला इजा होते. काही मुलांमध्ये आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा २००५ पासून त्यावर आहे. म्हणून सुरुवातीच्या काळात मुलाच्या मनःस्थितीकडे विशेष लक्ष हवे.

क्लोनिडिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध. अतिचंचलता, अंगाला अनैच्छिक झटके येणे किंवा झोपेची तक्रार असलेल्या मुलांना ते उपयोगी पडते. त्याने गुंगी येते व रक्तदाब उतरतो. ते अचानक बंद केल्यास रक्तदाब एकदम चढू शकतो, म्हणून मात्रा हळूहळू कमी करावी लागते.

देखरेख का हवी?

अमेरिका व कॅनडात ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौदा महिन्यांनंतर, दरमहा तपासणी करून काटेकोर मात्रेत औषध दिलेल्या मुलांची मूळ लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली होती. विशेष म्हणजे नेहमीच्या उपचारांतील सुमारे दोन तृतीयांश मुलेही औषध घेतच होती! फरक होता तो मात्रेचा व देखरेखीचा. औषधाला वर्तनोपचाराची जोड दिलेल्या मुलांना कमी मात्रा पुरली. पुढे काटेकोर देखरेख थांबली आणि तीन वर्षांनी हा फरक उरला नाही.

म्हणजेच चिठ्ठी मिळाली की उपचार संपत नाहीत. औषध सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी व रक्तदाब नोंदवून घ्यावा आणि तो ठराविक काळाने पुन्हा तपासावा. 'हुशार होईल' अशी मोघम अपेक्षा न ठेवता दोन-तीन ठोस उद्दिष्टे लिहून काढावीत : वर्गातले लेखन पूर्ण होणे, रस्ता ओलांडताना हात सोडून न पळणे, मित्रांशी मारामाऱ्या कमी होणे. शिक्षकांचे मत दर महिन्याला विचारावे. भूक मंदावत असेल तर सकाळी गोळीआधी भरपेट न्याहारी द्यावी.

पहिले औषध लागू पडले नाही, तर दुसरे लागू पडू शकते. मूल गप्प, निस्तेज झाले असेल तर मात्रा जास्त होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी परस्पर गोळी बंद न करता डॉक्टरांना भेटावे. औषधाची गरज अजून आहे का, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी त्यांना अवश्य विचारावा.