चौकटीचा पतंग आणि उघडी वही

पतंग हा आपल्या वस्त्यांना परका विषय नाही. मुंबईतील डोंगरी, अहमदाबादचे जमालपूर, बरेलीतील मांजावाल्यांच्या गल्ल्या, कुठेही जा. पतंग आणि मांजा बनवणाऱ्यांत मुस्लिम कारागिरांचा वाटा मोठा आहे. संक्रांतीच्या आकाशातले कितीतरी रंग आपल्याच घरांतील बायकापोरांच्या हातांखालून गेलेले असतात. पण या हुन्नराचा इतिहास लिहू म्हटले, तर लेखी पुरावा फारसा हाती लागत नाही. कमान किती तासायची, कण्णी कुठे बांधायची, ही मापे उस्तादाच्या बोटांत असतात आणि त्याच्याबरोबरच मातीत जातात. म्हणूनच आपण एका दूरदेशीच्या पतंगाची हकिकत समजून घेतली पाहिजे.

लॉरेन्स हारग्रेव्ह याचा जन्म 1850 साली इंग्लंडमधील ग्रीनिच येथे झाला. 1865 मध्ये तो ऑस्ट्रेलियात सिडनीला आला, जहाजांच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे सिडनीच्या वेधशाळेत नोकरी केली. 1883 मध्ये ती सोडून त्याने माणसाच्या उडण्याचा ध्यास घेतला. आधी रबराच्या ताणावर उडणारी छोटी यंत्रे केली आणि 1893 मध्ये चौकटीचा पतंग, म्हणजे ‘बॉक्स काइट’, तयार केला.

12 नोव्हेंबर 1894 रोजी स्टॅनवेल पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने असे चार पतंग एकाच दोरीवर चढवले. दोरीचे टोक वाळूच्या पोत्यांना बांधले आणि खाली टांगलेल्या बैठकीवर तो स्वतः बसला. ताशी सुमारे 21 मैलांच्या वाऱ्याने त्याला 16 फूट उचलले. आजच्या हिशोबाने ही उंची दीड मजल्याची. पण माणसाचे वजन स्थिरपणे पेलणारा पंख कसा असावा, याचे उत्तर त्यात होते.

या पतंगाला लागते काय? आपल्या घरात मिळेल तेवढेच. सारख्या लांबीच्या चार हलक्या काड्या, कागद किंवा जुने पातळ कापड, मैद्याची खळ आणि दोरा. काड्या तीन फुटांच्या घ्याव्यात. कागदाचे एक फूट रुंदीचे दोन पट्टे करावेत. टोके चिकटवल्यावर प्रत्येकाचा घेर चार फूट भरला पाहिजे. एक पट्टा काड्यांच्या वरच्या टोकाशी, दुसरा खालच्या टोकाशी चिकटवायचा. मधला एक फूट मोकळा. चारही काड्या सारख्या अंतरावर आल्या की आतून फुलीसारख्या आडव्या काड्या ताणून बसवायच्या. फुलीची काडी सतरा इंचांहून किंचित लांब ठेवली की कागद ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. दोरा एकाच उभ्या काडीला, वरच्या पट्ट्याच्या खालच्या कडेजवळ बांधायचा. वाऱ्याचा जोर पाहून ती गाठ थोडी वरखाली करायची.

याला शेपूट लागत नाही. बाजूचे पृष्ठभाग वाऱ्यात त्याला सरळ धरतात आणि दोन मजल्यांमुळे उचल वाढते. आपला पतंग हाताच्या इशाऱ्यावर गिरकी घेतो, कारण त्याला पेच लढवायचे असतात. हा मात्र जागा धरून उभा राहतो. काटाकाटीला निरुपयोगी, वजन उचलायला उत्तम.

हारग्रेव्हने याचे पेटंट घेतले नाही. आपल्या यंत्रांची मापे आणि प्रयोगांचे निकाल, फसलेले प्रयोगसुद्धा, तो न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीपुढे वाचत राहिला. परिणाम लवकर दिसला. अमेरिकेच्या हवामान खात्याने 1898 मध्ये या पतंगांनी वरच्या हवेची मोजणी सुरू केली. 1906 मध्ये पॅरिसला सांतोस-द्युमाँ ज्या विमानातून उडाला, त्याचे पंख याच चौकटींचे होते. 1919 मध्ये जर्मनीतील लिंडेनबर्ग येथे आठ पतंगांची माळ 9,740 मीटरपर्यंत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या बिनतारी यंत्राची तार वर नेण्यासाठीही हाच पतंग दिला जाई.

1915 च्या मे महिन्यात हारग्रेव्हचा मुलगा गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला आणि जुलैमध्ये तो स्वतःही गेला. विमानातून त्याने पैसा मिळवला नाही. पुढे 1966 ते 1994 पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या कागदी नोटेवर त्याचे चित्र होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हारग्रेव्हला वडिलांकडून आलेली मिळकत होती. त्याला वही उघडी ठेवणे परवडले. आपला कारागीर माप लपवतो ते कंजुषीने नव्हे, तर त्याची रोजीरोटी त्या मापावर चालते म्हणून. त्याला उदारपणाचे धडे देण्याचा हक्क आपल्याला नाही. पण लपवणे वेगळे आणि हरवणे वेगळे. जिथे मुले हा धंदा सोडून चालली आहेत, तिथे लपवलेले मापही कोणाच्या कामी येत नाही. मग ते लिहून ठेवण्याचे काम आपल्यातील शिकल्यासवरल्यांनी करायला काय हरकत आहे? सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर हा चौकटीचा पतंग जरूर करून पाहावा. त्यासाठी काड्या तासायला मोहल्ल्यातील एखाद्या म्हाताऱ्या पतंगवाल्या चाचांना बोलवावे, आणि ते तासत असताना शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसावे.