कुर्ल्याची फियाट आणि जुन्या गाडीचा भाव

१/ नवे मॉडेल आले की जुन्या गाडीचा भाव उतरतो, हा आज सर्वमान्य नियम आहे. मुंबईच्या उपनगरांत मात्र दीर्घकाळ उलटाच व्यवहार चालला. वापरलेली मोटार कारखान्याच्या अधिकृत किमतीहूनही महाग विकली जाई. या विसंगतीचे मूळ घाटकोपरच्या शेजारी, कुर्ल्यात होते.

२/ हा नियम घडला अमेरिकेत. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याचे धोरण रुजवले. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रूपरेखेचा स्वतंत्र विभागच उभा राहिला. यंत्र धडधाकट असतानाही दारातली गाडी जुनी दिसावी, हा त्यामागचा हिशेब होता.

३/ भारतात हा हिशेब लागूच पडला नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात तिचा कारखाना उभारला. तेथे १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, पण बांधा तोच राहिला. इटलीत मात्र १९६९ मध्ये ११०० ची जागा ‘फियाट १२८’ने घेतली होती.

४/ परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि परदेशी मोटारींना दार बंद होते. १९६९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून मोटारींच्या विक्रीकिमतीही बांधल्या. त्या वादात प्रीमियर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कागदावरची किंमत नियंत्रित, पण गाडी हाती येण्यास वर्षे लागत.

५/ परिणाम उघड होता. नव्या गाडीसाठी थांबावे लागे, जुनी मात्र आजच मिळे. त्या ‘आज’चे मोल ग्राहक वरकड रकमेने चुकवी. शिवाय दहा वर्षांपूर्वीची फियाट आणि नवी फियाट यांच्या रूपात फारसा फरक नसे. घासाघीस होई ती इंजिन, पत्रा आणि गंज यांवर. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी मोटार हा खर्च नव्हता, ठेव होती.

६/ ही ठेव पहिल्यांदा डळमळली ती मारुतीमुळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८६ मध्येच तिचा आकार बदलला. चौकोनी गाडी जाऊन गोलसर गाडी आली. आता गाडीची पिढी लांबूनच ओळखू येऊ लागली. प्रीमियरनेही १९८५ मध्ये निस्सानचे इंजिन असलेली ‘११८ एनई’ आणली. मात्र जुनी पद्मिनीही सोबत चालूच ठेवली.

७/ १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचा उद्योग परवानामुक्त झाला. त्याच वर्षी मारुती झेन आली, १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. प्रतीक्षा संपली, तशी प्रतीक्षेची किंमतही संपली. ज्यांनी फियाटला ठेव मानले होते, त्यांच्या हाती केवळ एक जुनी गाडी उरली. पद्मिनीला आधार राहिला तो मुख्यतः काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा.

८/ नव्या रूपाने जुन्याचा भाव नेहमी पडतोच, असेही नाही. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९७ मध्ये ‘९९६’ ही पिढी आली आणि हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले. पुढे जुन्या धाटणीची शेवटची पिढी, ‘९९३’, संग्राहकांची लाडकी ठरली आणि तिचा भाव चढत गेला. बदलाने जे हिरावले, तेच दुर्मीळ झाले.

९/ पद्मिनीचेही काहीसे तसेच झाले. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून बाहेर पडली. चालकाच्या दृष्टीने तिचे मोल मुदतीबरोबर सरले. नीट जपलेली खाजगी पद्मिनी मात्र हौशी लोक आजही शोधतात.

१०/ गाडी तीच, पण तिचा भाव तिन्ही वेळी वेगळ्या कारणाने ठरला. आधी टंचाईने, मग नव्या मॉडेलांनी आणि शेवटी आठवणीने. जुन्या मोटारीची किंमत तिच्या यंत्रात जेवढी असते, त्याहून अधिक ती ‘नवे काय मिळते आणि केव्हा मिळते’ या प्रश्नाच्या उत्तरात असते.